कुणाचं पोर, साहेब? : एका पेटीचं आत्मवृत्त

मित्रांनो, मी बाजाची पेटी. कुणी मला हार्मोनियम म्हणतं. अमेरिकेत आल्यावर मला काय म्हणायचं, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. एकाने मला 'तो खोका' म्हटलं. एका वर्तमानपत्राने 'पूर्वेकडचा छोटा ऑर्गन' असं छापलं. मी रागावले नाही. रागवायलाही भात्यात हवा लागते आणि माझी हवा आता लवकर संपते.

माझा जन्म पुण्याचा. सागवानी अंग, पितळी सूर आणि कडांना मऊ कातडं लावलेला भाता. मला जुळवणाऱ्या कारागिराने शेवटचा सूर बसवला, माझ्या पाठीला कान लावला आणि समाधानाने मान हलवली. तेच माझं बारसं. पुढे सुमित्राबाई लग्न करून नॉर्थ कॅरोलायनात आल्या, तेव्हा त्यांनी मला जुन्या साड्यांत गुंडाळून सोबत आणलं. त्यांचे यजमान चारुदत्त कॅरी गावात राहत आणि औषधांच्या कंपनीत संशोधन करत. गावभर पाइनची झाडं. वसंतात त्यांचे पिवळे परागकण खिडकीच्या फटीतून येऊन माझ्या पट्ट्यांवर बसत. सुमित्राबाई रोज मला पुसत आणि रोज म्हणत, "इथली धूळसुद्धा हळदीच्या रंगाची!"

त्यांची मुलगी अस्मिता तिथेच जन्मली. पाळण्यात असताना तिने जे सूर ऐकले, ते माझे. आई अभंग शिकवायची. मुलगी शब्द चुकायची, पण सूर कधी चुकायची नाही. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. मोठी होऊन ती जवळच्याच विद्यापीठात गेली आणि मलाही घेऊन गेली. तिथे वेस्ली नावाचा गिटार वाजवणारा मुलगा भेटला, एक ड्रमवाला भेटला आणि त्यांचा बँड झाला. गिटार आणि पेटी एकत्र कशी वाजणार, असं मलाही वाटलं होतं. पण वेस्ली समजूतदार होता. मी श्वास घेतला की तो थांबायचा.

मग २००१चा सप्टेंबर आला. विमानं आदळली, मनोरे कोसळले. त्या दिवसाबद्दल तुम्ही शाळेत शिकला असाल. मला एवढंच आठवतं, की त्या आठवड्यात चारुदत्तांनी गाडीला दोन झेंडे लावले. बाकीच्यांनी एकेक लावला होता. सुमित्राबाईंनी विचारलं, "अहो, दोन कशाला?" ते म्हणाले, "आपल्याला दोन लागतात." त्यानंतर किराणा दुकानात जाताना ते रोज दाढी करून जाऊ लागले.

एक युद्ध चालू असतानाच पुढच्या वर्षी दुसऱ्याची भाषा सुरू झाली. रोज टीव्हीवर नकाशा आणि नकाशावर बाण. त्याच उन्हाळ्यात वेस्लीचा धाकटा भाऊ कोडी सैन्यात भरती झाला होता. एकोणीस वर्षांचा, लांब हातांचा, सारखा हसणारा मुलगा. त्याच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये भरतीवाल्यांनी टेबल टाकलं होतं. पुढे कॉलेजची फी भरू म्हणाले आणि त्याने सही केली.

अस्मिताने त्यावर गाणं केलं. टेबलामागे बसलेला एक गोड बोलणारा माणूस, फुकट मिळणारी किल्ल्यांची साखळी आणि दूर राजधानीत दोन्ही पक्षांच्या बाकांवरून युद्धासाठी वर झालेले हात. गाणं अर्थातच इंग्रजी. त्याचं ध्रुपद मराठीत सांगायचं तर असं : 'कुणाचं पोर पाठवलंत, साहेब, कुणाचं पोर?'

चाल माझ्यावरच बसली. काळी चारच्या पट्टीत. साधी, पाळण्यासारखी झुलणारी. एकदा ऐकली की कानातून न जाणारी.

त्या हिवाळ्यात ते गाणं गावातल्या रेडिओवर लागू लागलं. छोट्या सभागृहांत लोक पुन्हा म्हणायला लावायचे. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. सुमित्राबाईंनी तो कापून ठेवला, पण गावच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला दाखवला नाही. चारुदत्त अस्वस्थ झाले होते.

"गाणं छान आहे गं," ते लेकीला म्हणाले. "पण हे सगळं आपण कशाला बोलायचं? आपण इथे बाहेरून आलेले."

"बाबा, आय वॉज बॉर्न हिअर. मी कुठून आले?"

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पार्किंग लॉटमधल्या माणसाला माहीत आहे का?"

बापाच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आणि भीतीशी वाद घालता येत नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. त्याच आठवड्यात डरहॅममध्ये, तंबाखूच्या एका जुन्या गोदामात आमचा कार्यक्रम होता. विटांच्या भिंतींना अजून तंबाखूचा गोडसर वास येत होता. रेडिओने गाणं लावणं दोन दिवसांपूर्वीच बंद केलं होतं. तरी अस्मिता म्हणाली, "आज नाही गायलं तर मग कधी?" तिने पहिली ओळ सुरू केली आणि वेस्लीची गिटार आलीच नाही. मी एकटीच वाजत राहिले. वेस्लीने गिटार खाली ठेवली होती.

तो इंग्रजीत बोलला, मी तुम्हाला मराठीत सांगते. "तो आत्ता तिकडे आहे, अस्मिता. आज, या घडीला. तो कुणाचं पोर आहे, हे मी इथे उभं राहून विचारू शकत नाही. मला माहीत आहे तो कुणाचा आहे."

"म्हणून तर गायचं, वेस!"

"तू गा. तुझं चुकतंय असं नाही म्हणत मी. माझ्याच्याने होत नाही."

तो मागच्या दाराने निघून गेला. अस्मिता गात राहिली. समोरच्या निम्म्या लोकांनी पाठ फिरवली. मग कुणीतरी बिअरचा भरलेला ग्लास फेकला. तो तिला लागला नाही, माझ्यावर फुटला. बिअर पट्ट्यांच्या फटींतून खाली झिरपली, पितळी सुरांवर गेली. मला वाटलं, मी बुडते आहे. गाणं अर्ध्यात थांबलं.

बँड तिथेच मोडला. आठवड्याभरात चारुदत्तांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या टेबलाशी जेवायला बसणं सोडलं. मंडळाच्या गणपतीत लोक अस्मिताला "काय मग, जॉब कसा चाललाय?" एवढंच विचारत आणि घाईने प्रसादाकडे वळत. एका काकांनी तर चारुदत्तांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीला आवरा जरा. आपल्या सगळ्यांवर येतं." चारुदत्त म्हणाले, "हो, बोलतो." पण ते तिला काहीच बोलले नाहीत. मला उचलून त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं, एवढंच.

मित्रांनो, गॅरेज ही वाद्याची जागा नव्हे. उन्हाळ्यात तिथे भट्टी, हिवाळ्यात बर्फ. बिअर सुकून पट्ट्या चिकटल्या. भात्याच्या कातड्याला चिरा गेल्या. उंदरांनी आतलं मऊ कापड कुरतडून घरटं केलं. बाजूला गवत कापायचं मशीन होतं. ते दर शनिवारी बाहेर जाऊन काम करून यायचं. मला त्याचा हेवा वाटायचा. अस्मिताला एका लायब्ररीत नोकरी लागली होती. ती घरी आली की गाडी गॅरेजसमोर उभी करायची, पण आत यायची नाही. गाणं विसरलं गेलं. युद्ध मात्र चालूच राहिलं.

मग वारं फिरलं. कसं फिरलं, कधी फिरलं, मला अंधारात कळलं नाही. २००६ सालच्या सुमारास एका दुपारी गॅरेजचं दार उघडलं आणि सुमित्राबाईंनी मला बाहेर काढलं. फोन कानाशी होता, पलीकडे अस्मिता. "अगं हो, आहे इथेच. पण अवस्था बघवत नाही." आमचं जुनं गाणं कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं आणि कॉलेजांतली मुलं ते एकमेकांना पाठवत होती. लोकांना आता युद्धाचा वीट आला होता. ज्यांनी पाठ फिरवली होती, त्यांनाच ते गाणं हवं होतं.

सुमित्राबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडलं. जुन्या टूथब्रशने एकेक सूर घासला. भात्याला नवं कातडं चिकटवलं. बहुतेक सूर परत आले. वरचा एक कोमल गंधार मात्र कायमचा बसला. त्या म्हणाल्या, "असू दे. माझाही आवाज कुठे पूर्वीचा राहिलाय?"

पुढची दोन वर्षं आम्ही फिरलो. व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला, जॉर्जियात अल्फारेटाला आणि वाटेतल्या कितीतरी कॉलेजांत. अल्फारेटाच्या मंडळाने तर आम्हाला संक्रांतीच्या कार्यक्रमात बोलावलं. 'पोरीला आवरा' म्हणणारे काका आता तिथे लेकाकडे राहत होते. त्यांनीच माइक घेतला : "आपल्या कॅरीची अस्मिता! लहानपणापासून ओळखतो मी हिला!" अस्मिता हसली. तिळगूळ घेतला. गायली.

सगळीकडे लोक गाणं पाठ म्हणायचे. ध्रुपद आलं की टाळ्यांचा ठेका धरायचे, नाचायचे, हातातले ग्लास उंच करायचे. ध्रुपद छापलेले टी-शर्टसुद्धा निघाले. एकदा गाडीत बसून ती आईला फोनवर म्हणाली, "आई, दे लव्ह इट. सगळे लव्ह करतात. आणि मला ते ऐकवत नाही, यार. तो प्रश्न होता ना? त्याचा बर्थडे साँग झालाय."

"मग नको गाऊस."

"नाही गायलं तर लोक चिडतात. तेव्हा गायलं म्हणून चिडत होते."

मलाही तसंच वाटायचं. तेच सूर, तीच लय, रोज. ग्लास अंगावर फुटला तेव्हा मी दुखावले होते. आता मी नुसती थकत होते. दुखण्यापेक्षा ते वाईट होतं, कारण त्याबद्दल तक्रारही करता येत नव्हती.

२००८च्या उन्हाळ्यात, एका शनिवारी दुपारी, कोडी कॅरीच्या घरी आला. तो दोनदा युद्धावर जाऊन आला होता. दुसऱ्या खेपेस रस्त्यातल्या स्फोटात त्याचा डावा कान गेला होता. लांब हात तेच होते, हसू नव्हतं. सुमित्राबाईंनी त्याच्यापुढे चहा आणि शंकरपाळे ठेवले. अस्मिता कुठे बसावं न कळून उभीच होती.

"ते गाणं मला म्हणून दाखवशील?" तो म्हणाला.

"तू ऐकलं नाहीस?"

"खूप ऐकलंय. तिकडे आमच्यातल्या एकाकडे होतं. पण तुझ्या तोंडून नाही."

ती माझ्यापाशी बसली. कोडी माझ्या जवळ जमिनीवर बसला, चांगला कान माझ्याकडे केला आणि तळहात माझ्या सागवानी अंगावर सपाट ठेवला. माणसं मला ऐकतात, हे मला माहीत होतं. हाताने कुणी ऐकलं नव्हतं. अस्मिता हळू गायली, ठेका न धरता. शेवटचं ध्रुपद संपलं तरी त्याने हात काढला नाही.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण त्यात मी नाही."

"म्हणजे? अरे, तुझ्यावरच तर आहे."

"त्यात मला पाठवलंय. पोस्टातलं पार्सल असल्यासारखं. मी गेलो होतो, अस्मिता. त्या टेबलापाशी मी स्वतः चालत गेलो. मूर्ख असेन, पण सही माझी होती. तिकडे जे केलं, तेही मीच केलं. काही गोष्टी चांगल्या केल्या. काही..." तो थांबला. "सगळे म्हणतात, बिचारा, त्याला पाठवलं. तसं असेल तर यातलं काहीच माझं नाही उरत. मग हा कान कुणाचा गेला?"

चारुदत्त दारात उभे होते. ते आत आले, त्याच्या समोर बसले आणि म्हणाले, "तू गेलास तेव्हा मी गाडीला दोन झेंडे लावून फिरत होतो. मी कुणाला काही विचारलं नाही. मलाही त्या गाण्यात घाला."

अस्मिता तेव्हा रडली. तिने गाणं केल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिने नवं कडवं लिहिलं. मराठीत ते साधारण असं होईल : 'मी माझ्या पायांनी गेलो, साहेब, सही माझ्याच हाताची. तुम्ही कुठे उभे होतात तेवढं सांगा. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तेव्हा तुम्ही कुठे होता?'

निवडणुकीचा हंगाम होता. वॉशिंग्टनच्या सभागृहासाठी उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या कचेरीतून फोन आला. फोन करणारी मुलगी होती सिया, आईवडील मराठी, स्वतः इथे जन्मलेली, कामाने वाकलेली. उमेदवाराची सभा होती फेएटव्हिलला, सैन्याच्या छावणीशेजारच्या गावात. सभेआधी अस्मिताने गावं, अशी तिची विनंती होती.

"जस्ट द फर्स्ट व्हर्स अँड द कोरस, ओके?" सभेच्या दिवशी सिया मंचामागे म्हणाली. "कोरस तीनदा घे. पीपल लव्ह इट. ते दोन्ही बाजूंच्या हातांचं कडवं नको. आपल्या पार्टीतल्याही काहींनी हात वर केले होते ना. अँड नथिंग न्यू. प्लीज, अस्मितादी."

अस्मिता थकली होती. आदल्या दोन दिवसांत दोन गावं झाली होती. ती म्हणाली, "ओके." मी ऐकलं आणि माझा भाता आपोआप मिटला.

दुपारचं ऊन होतं. मैदान भरलं होतं. चारुदत्तांनीच आम्हाला गाडीतून आणलं होतं. ते आणि कोडी मंचाच्या उजव्या बाजूला उभे होते. अस्मिताने सुरुवात केली. ध्रुपद आलं आणि हजारो गळे त्यात पडले. टाळ्या, ठेका, उंचावलेल्या पाट्या. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. तिने बाजूला पाहिलं. कोडी चांगला कान लाउडस्पीकरकडे करून, मान वाकडी करून, तिला शोधत होता.

तिने पट्ट्यांवरचा हात थांबवला. एकच सूर धरला, षड्ज, आणि भाता हळूहळू मारत राहिली. माझ्यात होती नव्हती तेवढी हवा मी त्या सुरात घातली. ठेका विस्कटला. लोक गोंधळले, मग गप्प झाले. आणि तिने दोन्ही बाजूंच्या हातांचं कडवं म्हटलं, त्यामागोमाग नवं कडवं.

'मी माझ्या पायांनी गेलो, साहेब...'

पुढच्या रांगेतल्या एका बाईने हातातली पाटी खाली केली. एक म्हातारा उठून निघून गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांची ओळ आली न आली, तोच मोठ्या लाउडस्पीकरवर बँडबाजा सुरू झाला. उमेदवाराच्या प्रवेशाचं संगीत. तो हात हलवत मंचावर आला. लोक उभे राहिले, ओरडू लागले. अस्मिताचे ओठ हलत होते, पण ती ओळ कुणापर्यंत पोचली नाही. माझ्यापर्यंतसुद्धा नाही.

आम्ही पार्किंगमध्ये आलो. सिया पळतच मागे आली, चेहरा लाल. "यू सेड ओके! मला जॉबवरून काढतील, यू नो दॅट?"

"हो. सॉरी. तुझ्याशी खोटं बोलले मी," अस्मिता म्हणाली. "तुझ्या बॉसशी मी बोलते. चूक माझीच आहे."

सिया आणखी बोलणार होती, पण कोडी मध्ये आला. "शेवटचं काय होतं?" त्याने विचारलं. "बाजा सुरू झाला. मला ऐकू नाही आलं."

चारुदत्तांनी गाडीची डिकी उघडली, मला तिच्या कडेवर ठेवलं आणि स्वतः मला मागून धरून उभे राहिले. अस्मिताने उभ्यानेच भाता मारला आणि ते कडवं पहिल्यापासून म्हटलं. ना माइक, ना ठेका. ऐकणारे तिघेच. शेवटची ओळ आली तेव्हा सियाने मान खाली घातली. २००३ साली ती शाळेत होती आणि शाळेच्या बँडमधून युद्धाला पाठिंबा देणाऱ्या मिरवणुकीत बासरी वाजवत चालली होती, असं तिने नंतर सांगितलं.

कोडी म्हणाला, "हं. आता बरोबर आहे." आणि गाडीत बसताना : "आता काही दिवस ते गाऊ नकोस. त्याला जरा पडून राहू दे."

अस्मिताने ते मानलं. टी-शर्टवाल्यांना तिने नाही सांगितलं, ठरलेले कार्यक्रम रद्द केले. उमेदवार निवडून आला. आमच्यामुळे नाही आणि आमच्यामुळे त्याचं काही अडलंही नाही. सियाची नोकरी वाचली. वेस्लीने एकदा फोन केला, दोघं बराच वेळ बोलली, पण बँड पुन्हा झाला नाही. कोडी कॉलेजात जाऊ लागला. वर्गात तो डाव्या भिंतीलगतच्या बाकावर बसतो, म्हणजे सगळा वर्ग चांगल्या कानाकडे येतो. युद्ध त्या वर्षीही संपलं नाही. गाण्याने युद्ध संपतं असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मी आता सुमित्राबाईंच्या बैठकीत असते. रविवारी त्यांच्याकडे मुलं मराठी शिकायला येतात आणि मला हात लावतात. लावा, मित्रांनो, मला आवडतं. फक्त भाता आधी उघडा आणि मग पट्टी दाबा. ओल्या हातांनी शिवू नका. उन्हाळ्यात मला गॅरेजमध्ये ठेवू नका. कुठल्याच वाद्याला ठेवू नका. एखादा सूर बसला असेल तर त्याच्यावर जोर करू नका, बाजूच्या सुरावरून जा.

तुमच्यापैकी कुणी पुढे गाणी करील. राज्य करणाऱ्यांना प्रश्न विचारणारी करा, जरूर करा. भिऊन गप्प बसू नका. पण ज्याच्यावर गाणं करायचं, त्याच्या घरी आधी एकदा जाऊन या. तो काय म्हणतो ते ऐका. गाणं थोडं उशिरा होईल. होऊ द्या.